मेवेदर की पॅकियाव: नुसत्या आकड्यांवर ठरतं का?

मुष्टियोद्धा_पुणे: अमेरिकन बॉक्सर मेवेदर 50-0, म्हणजे 50 विजय, एकही पराभव नाही, त्यात 27 नॉकआउट. फिलिपिन्सचा पॅकियाव 2021 मध्ये थांबला तेव्हा 62 विजय, 8 पराभव, 2 बरोबरी. शिवाय 2015 ला लास वेगासमध्ये मेवेदरने त्याला गुणांवर हरवलं. मग पॅकियावला मोठा म्हणणारे कशाच्या जोरावर म्हणतात?

डावखुरा: वजनगटांच्या जोरावर! हलक्या फ्लायवेटपासून कितीतरी जड सुपर वेल्टरपर्यंत आठ गटांत जगज्जेता. 2010 ची मार्गारिटोविरुद्धची लढत बघाच. समोरचा चांगला उंच, वजनदार. शेवटी त्याचा डोळा इतका सुजला की पॅकियाव ठोसे थांबवून रेफरीकडे बघायला लागला, लढत थांबवा म्हणून. डोळ्याखालचं हाड मोडलं होतं. हे 62-8 मध्ये कुठे दिसतं?

रिंगसाइड: मान्य. पण 2012 ला मार्केझच्या एका उजव्या ठोशावर पॅकियाव सहाव्या फेरीत तोंडावर आपटला, तेही मोजा. मेवेदरवर अशी वेळ कधीच आली नाही. माझं मत मेवेदरलाच.

डावखुरा: त्याची पन्नासावी लढत मिश्र मार्शल आर्ट्सवाल्या (MMA) मॅकग्रेगरशी, ज्याची व्यावसायिक बॉक्सिंगमधली ती पहिलीच! मी 49 च धरतो. आणि 2002 ची पहिली कास्टिलो लढत पाहा, मेवेदरच्या बाजूने लागलेला निकाल आजही अनेकांना पटत नाही.