'बायोचार'ला आपल्या बोलीत काय म्हणावं?

वावरवाला (आर्वीकडचा)
नमस्कार मंडळी. शब्द विचारायचा आहे, पण आधी भानगड सांगतो. दोन वर्षांपासून आम्ही पऱ्हाटी (कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं) धुऱ्यावर पेटवून देत नाही. खड्ड्यात जाळून तिचा कोळसा करतो, तो पंधरा दिवस शेण-गोमूत्रात भिजत घालतो आणि मग शेणखतासोबत वावरात टाकतो. कृषी सहायक त्याला बायोचार म्हणतात, म्हणून मीही पोत्यांवर मार्करनं 'बायोचार' लिहून ठेवलं. गेल्या हिवाळ्यात साळ्यानं न भिजवलेलीच दोन पोती कांद्याच्या वाफ्यात ओतली. पंधरा दिवसांत रोप पिवळं. असा सुका कोळसा मातीतलं नत्र आधी स्वतःच धरून बसतो, पिकाला द्यायला मागाहून तयार होतो. साळ्याला बोललो तर म्हणे, "भाऊजी, भिजवलेल्या, न भिजवलेल्या दोन्ही पोत्यांवर एकच तर लिहून होतं!" त्याचं काय चुकलं?

दुसरं म्हणजे आजी. तिला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती कानावर हात धरून म्हणाली, "बायका चार? तुले एक पुरत नाही का रे?"

तर पोत्यावर लिहिता येईल आणि आजीला कळेल असा शब्द हवा आहे.

शब्दवेडी (नागपूर)
आजींना माझा नमस्कार सांगा. वर्तमानपत्रांत 'जैवकोळसा' वाचलाय, कुठे 'जैविक कोळसा'ही. मला दोन्ही खटकतात. शेतीच्या मराठीत 'जैविक' म्हटलं की रायझोबियम, ट्रायकोडर्मा डोळ्यांपुढे येतात, म्हणजे जिवंत काहीतरी. हा तर पार जळून गेलेला. शिवाय पऱ्हाटीचा भुसा दाबून जे ठोकळे कारखान्याच्या बॉयलरला जातात त्यांनाही लोक जैवकोळसा म्हणतात, आणि 'पांढरा कोळसा'सुद्धा. तो जाळायचा, तुमचा पुरायचा. एकाच नावाखाली दोन्ही आले की तुमच्या साळ्यासारखं पुन्हा होणारच.

आणि 'चार' मराठीत घ्यायचाच नाही. आकडा झाला, चारा आठवतो, आणि चर म्हणजे खणलेली लांब खाच आहेच.

वावरवाला
ताई, गंमत म्हणजे काही जण खड्ड्याऐवजी चरातच जाळतात. म्हणजे चरात चार! गावात हे बोललो तर लोक म्हणतील भांग घेऊन आला.

निवृत्त गुरुजी (अचलपूर)
चर्चेत लोणारी यायला हवेत. चुना आणि कोळसा भाजणं हा लोणाऱ्यांचा पिढीजात धंदा. आमच्या लहानपणी 'लोणारी कोळसा' म्हणजे लाकडाचा, आणि चांदा-वणीकडून यायचा तो 'दगडी कोळसा'. विदर्भात नुसतं 'कोळसा' म्हटलं की आजही माणसाला खाण आठवते, म्हणून हा फरक सांभाळावा लागतो. 'लोणारी' शब्दाच्या मुळाशी लोण, म्हणजे लवण आहे. मिठाचा शब्द कोळशाला कसा चिकटला यावर कुणी जाणकारानं लिहावं.

मला भावतं ते वेगळंच. लोणारी दोन वस्तू भाजायचे आणि दोन्ही 'विझवायच्या' असायच्या. भट्टीतून निघालेली चुनकळी पाण्यानं विझवली की फक्की. कोळसा विझवला नाही तर राख. क्रियापद एकच, पण चुना विझताना उकळतो आणि कोळसा विझताना थंड होतो. तुमच्या कामातही खरी कसोटी पेटवण्यात नसून विझवण्यात असेल, असा माझा अंदाज.

वावरवाला
गुरुजी, अगदी हेच. पेटवता तर कोणालाही येते.

शब्दवेडी
मला मुळातच समजलं नाही. उघड्या खड्ड्यात जाळलं तर राख का होत नाही?

वावरवाला
सविस्तर लिहितो, कारण शब्द यातूनच निघेल असं वाटतं. खड्डा वरून रुंद, खाली निमुळता, नरसाळ्यासारखा. आमचा वरून पाच फूट रुंद आणि तीन-साडेतीन फूट खोल आहे. पऱ्हाटी चिमट्यानं उपटलेली आणि खडखडीत वाळलेली पाहिजे. ओली असली तर नुसती धुपते, डोळे जातात. बुडाशी तुराट्या आणि काड्या घालून वरून पेटवायचं. चांगला भडका झाला की पऱ्हाटीचा एक थर. तो लाल होऊन त्याच्यावर राखेची पातळ साय धरू लागली की लगेच दुसरा थर. साय दिसली आणि तुम्ही चहा प्यायला गेलात तर कोळशाची राख झालीच समजा.

वरच्या थराचा जाळ वरची हवा खातो, खालून येणारा धूरही जाळून टाकतो. म्हणून खालच्या थराला हवा मिळत नाही आणि तो जळून संपत नाही. आजी याला म्हणते, "वरचा खाते, खालचा उपाशी राह्यते." असं थरावर थर देत खड्डा भरला की पाणी. पाण्याची टंचाई असेल तर माती लोटून कोंडायचं, पण मग दुसऱ्या दिवशीही आतला इस्तो जिवंत सापडतो. आमचं एक पोतं तसंच भरलं होतं, रात्री गोठ्यात धूर निघाला. तेव्हापासून पाणीच.

वजनानं साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कोळसा हाती येतो. चांगला असेल तर मोडताना काचेसारखा खणखणतो आणि हाताचा काळेपणा नुसत्या पाण्यानं जातो. हात चिकट, तेलकट झाले तर समजायचं, अर्धकच्चा राहिला.

प्राकृतवाचक (अमरावती)
'इस्तो' वाचून बरं वाटलं. विस्तवाचा तो वऱ्हाडी अवतार. त्याच घरातला 'इंगळ' पाहा: संस्कृत अंगार, प्राकृतात इंगाल, आपल्याकडे इंगळ. जैन परंपरेत श्रावकानं, म्हणजे गृहस्थ जैनानं, टाळायचे पंधरा धंदे सांगितले आहेत, त्यांत पहिलाच 'इंगालकम्म', म्हणजे कोळसे पाडण्याचं काम. जंगल तोडून आणि जीवजंतू भाजून होणारा धंदा म्हणून तो निषिद्ध. नाव शोधताना ही बाजू विसरू नका. पऱ्हाटी तशीही जळणारच होती, तुम्ही झाड तोडत नाही, हे मान्य. पण उद्या शब्द बाजारात गेला की धुऱ्यावरच्या बाभळीही खड्ड्यात जातील.

'इंगळखत' कसं वाटतं?

शब्दवेडी
इंगळ म्हणजे धगधगता निखारा ना? तो खतात कसा? आणि ऐकणाऱ्याला 'इंगळी' आठवेल, म्हणजे मोठा विंचू. खताच्या पोत्यात हात घालायलाच कुणी धजावणार नाही.

झाडीपट्टीकर (भंडारा)
आमच्याकडे पऱ्हाटी नाही, धान. तणस जनावरांना जाते आणि तूस राइस मिलवर जळते. जळून निघालेला काळा तूस लोक फुकट नेऊन रोपवाटिकेत टाकतात. त्याला सरसकट 'राख' म्हणतात, पण ती राख नसते, अर्धवट जळालेला तूसच असतो. म्हणजे वस्तू जुनी, नाव चुकीचं. 'राखखत' म्हणू नका एवढंच सांगायला आलो. राख पांढुरकी, क्षाराची, पाऊस पडला की तिच्यातले क्षार धुऊन जातात. कोळसा शेकडो वर्षं मातीत टिकतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली जुन्या वस्त्यांची काळी माती त्याचीच साक्ष.

मावळातून
आमच्याकडे भाताच्या रोपासाठी 'राब भाजतात'. पालापाचोळा, शेण, वर माती, आणि आत धुमसत जाळ. मातीखाली दबलेल्या जाळाला आमच्याकडे नाव आहे, तुमच्याकडे का नसावं?

वावरवाला
दादा, आमच्याकडे राबणारे आहेत, राब नाही. 😀

खारपाणातला (अकोला जिल्हा)
थोडं कडू बोलतो. शब्द ठरवण्याआधी वस्तू कुठे टाकायची ते ठरवा. आंबट जमिनीत कोळशाचे गुण जास्त दिसतात. आपली काळी मुळातच विम्ल, म्हणजे आंबटच्या उलट, सामू (पीएच) आठच्या आसपास. त्यात राखमिश्रित कोळसा टाकला तर सामू आणखी वर चढेल. आमच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, तर मी हिंमत करणार नाही. मुरमाड, बरड रानात पाणी धरायला टाका, तिथे पटतं. गुलाबी बोंडअळीसाठी पऱ्हाटी वावरातून वेळेत काढणं चांगलंच, त्याबद्दल वाद नाही.

वावरवाला
भाऊ, कडू वाटलं तरी खरं आहे. आमचं रान टेकाडावरचं, हातभर माती आणि खाली मुरूम. तिथंच टाकतो, खालच्या काळीत नाही. पाण्यानं विझवल्यामुळे राखही कमी राहते. साय धरताना थर द्यायची घाई करतो तीसुद्धा त्याच्यासाठीच.

निवृत्त गुरुजी
बाळ, एक विचारतो. भिजवायला ठेवता तेव्हा घरात काय बोलता? 'बायोचार चार्ज करायला ठेवला' असं तर कुणी म्हणत नसेल.

वावरवाला
नाही गुरुजी. बायको म्हणते, "कोळसा मुरत घातला." आई म्हणते, "मुरला का पाह्य."

शब्दवेडी
मग शोधताय काय! लोणचं मुरतं, पाणी जमिनीत मुरतं, पाहुणा घरात मुरतो. बाहेरचं आत जिरून अंगचं होईपर्यंत जो वेळ लागतो तो या एका क्रियापदात आहे. 'भिजवलेला' म्हटलं तर तासाभराचं काम वाटतं. 'मुरलेला कोळसा' म्हटलं की पंधरा दिवस आपोआप आलेच. जाळायला कुणी कोळसा मुरवत नाही, त्यामुळे पांढऱ्या कोळशाशी घोटाळाही नाही.

प्राकृतवाचक
इंगळखत मागे घेतो. पण न मुरलेल्याचं काय? पोती दोन आहेत.

झाडीपट्टीकर
कच्चा?

वावरवाला
कच्चा म्हटलं तर नीट न जळालेला वाटेल, तो तर वेगळाच दोष आहे. तेलकट हातवाला.

निवृत्त गुरुजी
कोरा. कोरा चहा, कोरं कापड, कोरी वही. ज्यात अजून काही पडलं नाही ते कोरं. लुगडं एकदा पाण्यातून काढलं की त्याचं कोरेपण गेलं.

वावरवाला
कोरा कोळसा, मुरलेला कोळसा. आजीला आत्ताच विचारून आलो. म्हणाली, "एवढ्यासाठी सारे लोक जागून राह्यले का?" आणि पुढं म्हणे, कोऱ्याच्या पोत्याला तोंडाशी पांढरी सुतळी बांध, मुरलेल्याला काळी, कारण साळ्याले चष्म्याबिगर वाचता येत नाही.

खारपाणातला
सुतळी भिजली की दोन्ही काळ्याच दिसतील भाऊ. गाठी वेगळ्या मारा.