लांबट चेहऱ्यामुळे चावा कमजोर होतो, की चावा कमजोर म्हणून चेहरा लांबट होतो?

प्रश्न – कुळागर, फोंडा

नमस्कार. माझी मुलगी 12 वर्षांची आहे. चवथीच्या आदल्या दिवशी ती आजीजवळ आबोलीचे वळेसर करायला बसली होती. आजीने तिला दोरा दातांनी तोडायला सांगितला, पण तिला तो तोडताच आला नाही. पुढच्या दातांत धरला की तो तसाच सुटून बाहेर येत होता. तेव्हा मी प्रथमच नीट पाहिले. दाढा घट्ट मिटलेल्या असतानाही तिच्या वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांमध्ये पेन्सिलीचे टोक सहज जाईल एवढी फट राहते. सकाळचा कडक उंडा ती समोरून कधीच का चावत नाही आणि तोंडाच्या कोपऱ्यात घालून ओढून का तोडते, याचाही उलगडा तेव्हाच झाला.

तिचा चेहरा वडिलांसारखा लांबट आहे. ओठ सहज मिटत नाहीत आणि झोपेत तोंड उघडे असते. सासूबाईंचे म्हणणे असे की आजची मुले मऊ भात-हुमण आणि नूडल्स यांवरच वाढतात, चावतच नाहीत, म्हणून जबडा भरत नाही. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही तिला रोज जत्रेतले खाजे, भाजलेले चणे आणि सुके खोबरे चावायला दिले. चौथ्या दिवशी तिच्या कानापुढे दुखू लागले. चेहऱ्याची ठेवण आणि चावण्याची ताकद यांचा खरा संबंध काय आहे, आणि यातले कारण कोणते व परिणाम कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – दंतवैद्य, डिचोली

ताई, सर्वप्रथम खाजे आणि चणे थांबवा. ते पदार्थ वाईट आहेत म्हणून नव्हे, तर दुखणारा सांधा विश्रांती मागतो म्हणून.

आता मूळ प्रश्न. आपल्याकडचा अडकित्ता डोळ्यांपुढे आणा. सुपारी बिजागरीजवळ धरली तर सहज फुटते आणि टोकाजवळ धरली तर हात दुखतो, तरी ती फुटत नाही. जबड्याची बिजागरी कानाच्या अगदी पुढे असते, म्हणून दाढांवर ताकद जास्त मिळते आणि पुढच्या दातांवर कमी. फरक एवढाच की अडकित्त्यात हाताचा जोर सुपारीच्या पलीकडे लागतो, तर जबड्यात स्नायूंची ओढ मुख्यतः सांधा आणि दात यांच्या मधोमध लागते. बोटे जबड्याच्या मागच्या कोपऱ्यावर ठेवून दाढा आवळल्या की जो टणक उंचवटा लागतो, तो मासेटर नावाचा स्नायू; तो गालाच्या हाडापासून या कोपऱ्यापर्यंत उतरतो. कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला दुसरा मोठा स्नायू त्याच्या जोडीला असतो. ज्यांचा चेहरा आखूड आणि चौकोनी असतो, त्यांच्या खालच्या जबड्याची कड आडवी, कोपरा ठळक आणि मासेटर जाड असतो, त्यामुळे त्याच ओढीतून दाढांवर अधिक जोर मिळतो. लांबट चेहऱ्यात ही कड मागून पुढे तीव्र उतरत जाते, स्नायू पातळ असतो आणि त्याच्या ओढीची दिशाही तितकीशी सोयीची राहत नाही. अल्ट्रासाउंडने मासेटरची जाडी मोजणाऱ्यांनाही हाच कल दिसला आहे.

कारण कोणते आणि परिणाम कोणता, या आपल्या प्रश्नाशी थेट भिडणारी एक मोजणी प्रॉफिट आणि फील्ड्स या अमेरिकी दंततज्ज्ञांनी 1983 साली प्रसिद्ध केली. लांबट चेहऱ्याच्या प्रौढांचा चावा सर्वसामान्य प्रौढांच्या सुमारे निम्म्या ताकदीचा भरला. परंतु लांबट चेहऱ्याच्या लहान मुलांचा चावा इतर मुलांइतकाच होता. याचा अर्थ, चेहऱ्याची लांबट ठेवण आधी दिसू लागते आणि ताकदीतली तफावत नंतर, वाढीच्या वयात पडते. इतर मुलांचे स्नायू बळकट होत जातात आणि या मुलांचे मागे राहतात. म्हणूनच, मुलीने कमी चावले म्हणून तिचा चेहरा लांबला, असा दोष तिला किंवा स्वतःला लावून घेऊ नका.

तरीही स्नायूंचा काहीच वाटा नसतो असे मी म्हणणार नाही. मायोटोनिक डिस्ट्रॉफी या आजारात चर्वणाचे स्नायू लहानपणापासून दुबळे असतात, आणि अशा रुग्णांत लांबट चेहरा व पुढची फट या दोन्ही गोष्टी वारंवार आढळतात. पण निरोगी मुलांच्या बाबतीत मी आधी नाकाकडे पाहतो. नाक चोंदलेले किंवा नाकामागच्या ॲडिनॉइडच्या गाठी वाढलेल्या असतील, तर मूल तोंडाने श्वास घेते. जबडा खाली लोंबतो, जीभ टाळूवरून उतरते आणि दाढांना उगवत राहायला मोकळीक मिळते. जबडा बिजागरीवर फिरत असल्याने दाढ 1 मिलिमीटर उंच झाली तरी पुढे सुमारे 2 ते 3 मिलिमीटर फट पडते.

इथेच आजींच्या उपायाची मर्यादा दिसते. दातांच्या जागेवर जोरदार पण क्षणिक दाबापेक्षा सौम्य पण तासन्‌तास टिकणाऱ्या दाबाचा परिणाम मोठा होतो. जेवताना दात प्रत्यक्ष एकमेकांना टेकतात तो वेळ दिवसभरात मिनिटांत मोजावा इतकाच असतो. जीभ आणि ओठ मात्र रात्रभर जिथे असतील तिथे असतात. त्यामुळे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून नाकाची तपासणी करून घ्या, तिने पूर्वी अंगठा चोखला होता का ते आठवून पाहा, आणि मग दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात हा विभाग आहे. तिचे वाढीचे वय अजून संपलेले नाही, म्हणून ही तपासणी पुढे ढकलू नका.

उत्तर – निवृत्त शिक्षक, पेडणे

मी जीवशास्त्र शिकवत असे, त्या नात्याने आजींच्या बाजूने दोन शब्द. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. 2004 साली लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायरॅक्स या सशाएवढ्या प्राण्यांच्या एका गटाला शिजवलेले मऊ अन्न दिले आणि दुसऱ्याला कच्चे व वाळवलेले. मऊ अन्नावर वाढलेल्यांच्या चेहऱ्याच्या खालच्या आणि मागच्या भागांची वाढ सुमारे 10 टक्के कमी झाली. माणसांविषयी सांगायचे तर, कोरुचिनी यांनी भारतीय सहकाऱ्यांसह चंदीगड परिसरात केलेल्या पाहणीत मऊ आहाराच्या शहरी तरुणांचे दात ग्रामीण तरुणांपेक्षा अधिक वेडेवाकडे आढळले, आणि दोन्हीकडचे लोक वंशाने एकच होते. मात्र या निरीक्षणांतून मुख्यतः जबडा किती रुंद आणि भरीव होतो, दातांना जागा पुरते की नाही, याचा उलगडा होतो. पुढची फट ही वेगळी गोष्ट आहे, हे डॉक्टरांचे म्हणणे मला पटते.

उत्तर – म्हापसेकर

ताई, मी 31 वर्षांचा आहे आणि माझी ठेवण अगदी आपण वर्णन केली तशीच होती. मला आयुष्यात कधी कैरीची फोड समोरच्या दातांनी चावता आली नव्हती. 19 व्या वर्षी एका दवाखान्यात केवळ तारा लावून फट मिटवली गेली. नाकाविषयी कोणी विचारले नाही, जीभ दातांमध्ये येते हेही कोणी पाहिले नाही, आणि तारा काढल्यावर दोन वर्षांत फट पुन्हा उघडली. पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. तीत वरचा जबडा थोडा वर घेतला आणि खालचा त्याच्या मागोमाग वर फिरून मिटला. त्यानंतर सहा आठवडे पेज आणि गाळलेली आमटी यांवर काढले. चेहरा त्याच दिवशी आखूड झाला होता, पण चाव्यात जोर यायला कित्येक महिने लागले. स्नायूंना नव्या जागी काम करायला शिकावे लागते, असे मला सांगण्यात आले होते, आणि अनुभवही तसाच आला. सुके बांगडे मी आता चावून खातो. आपल्या मुलीचे वय पाहता तिच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून कळकळीने लिहिले.

कुळागर, फोंडा

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. तिला बारमाही सर्दी असते आणि आम्ही ती पावसाळ्याच्या माथी मारत आलो. तपासणीची वेळ घेतली आहे. एकच शंका उरते: सांध्याचे दुखणे थांबल्यावर चघळण्याचा व्यायाम करून घेतला तर फायदा होईल का? इंटरनेटवर जबडा रेखीव करणारे रबरी गोळेही विकायला असतात.

दंतवैद्य, डिचोली

रबरी गोळे नकोत. त्यांनी मासेटर फुगू शकतो, फट मिटत नाही आणि सांधा आणखी दुखावू शकतो. 1987 सालच्या एका छोट्या प्राथमिक अभ्यासात लांबट चेहऱ्याच्या मुलांना वर्षभर रोज 2 तास चिवट डिंक चघळायला दिला होता. त्यांचा चावा बळकट झाला आणि जबड्याची वाढही काहीशी अनुकूल दिशेने वळली. पण मुले मोजकीच होती आणि त्यांच्यावर तज्ज्ञांची देखरेख होती. दुखऱ्या सांध्यावर घरच्या घरी हे करू नये. दुखणे पूर्ण थांबले की नेहमीचा आहार, त्यात उंड्याची कडक कड आणि चणेही, दोन्ही बाजूंनी सावकाश चावून खाऊ द्या.

तपासणीला जाताना तिचे पाच-सहा वर्षांच्या वयातले एक समोरून आणि एक बाजूने काढलेले छायाचित्र न्या. त्यात ती हसत नसावी. ओठ नकळत जसे राहतात तसे दिसायला हवेत. तिच्या वडिलांचे त्याच वयातले छायाचित्र मिळाले तर तेही सोबत ठेवा, कारण ठेवणीतला किती भाग वारशाने आला आणि किती भाग त्या सर्दीमुळे, याचा अंदाज बांधायला त्याची मोठी मदत होते.