कोलोनोस्कोपीच्या आधीची पावडर: जेनेरिक घेतली तर बिघडते कुठे?

मंगळवार पेठकर
"कोलोनोस्कोपीसाठी जेनेरिक पावडर घेणे म्हणजे चार पैसे वाचवून तपासणीच वाया घालवणे," असे एका सदस्यांनी परवा येथे लिहिले आणि अनेकांनी त्यावर माना डोलावल्या. कोलोनोस्कोपी म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठे आतडे आतून पाहणे, आणि त्याआधी ही पावडर पिऊन आतडे धुवावे लागते; जेनेरिक म्हणजे नामांकित कंपनीच्या नावाऐवजी घटकांच्या नावाने मिळणारी, स्वस्तातली. मी गेल्याच महिन्यात जेनेरिक पावडर पिऊन तपासणी करून आलो असल्यामुळे गप्प बसवत नाही. नेहमीचे पाकीट १३७.१५ ग्रॅमचे असते; त्यात ११८ ग्रॅम पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि बाकी सोडियम सल्फेट, खाण्याचा सोडा, मीठ व पोटॅशियम क्लोराईड. ग्लायकॉल अंगात शोषले जात नाही, ते पाणी धरून ठेवते आणि त्या पाण्याने आतडे धुतले जाते; क्षार असतात ते अंगातील मीठ-पाण्याचा तोल ढळू नये म्हणून. कंपनीचे नाव बदलल्याने यात काय बदलते? मी पावडर दोन लिटर पाण्यात कालवली, निम्मी रात्री आणि निम्मी पहाटे चारचा गजर लावून, दर पंधरा मिनिटांना एक पेला या हिशेबाने संपवली. चव भिकार होती, हे कबूल. शेवटी मात्र पिवळसर, नितळ पाणीच पडू लागले आणि नऊच्या तपासणीत आतडे किती स्वच्छ झाले ते सांगणाऱ्या बॉस्टन मोजणीने मला ९ पैकी ८ गुण मिळाले. गणितात कधी एवढे मिळाले नव्हते.

राजारामपुरी आठवी गल्ली
ते वाक्य माझे आहे आणि मी ते मागे घेणार नाही. माझ्या वडिलांना हीच स्वस्तातली पावडर दिली होती. त्यांनी ती संध्याकाळी आठच्या आत दोन लिटर एका दमात संपवली, आदल्या दिवशी अन्नाचा कण घेतला नाही, केवळ पांढऱ्या रश्शावर राहिले; तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला डॉक्टरांनी नळी अर्ध्यातून बाहेर काढली आणि पुन्हा यायला सांगितले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला रात्रभर संडासाच्या दारात बसवून हाती काय आले? आपले गुण आपल्याला लखलाभ.

निवृत्त औषधविक्रेता, शाहूपुरी
दोघांनीही थोडे थांबावे. बारा वाजताच्या तपासणीसाठी सगळे औषध आदल्या संध्याकाळी संपवले, तर रात्रभरात लहान आतड्यातून उतरणारे पित्त आणि चिकट स्राव मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर पुन्हा बसतात. म्हणूनच दुसरा हप्ता, म्हणजे औषधाचा उरलेला निम्मा भाग, तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करायचा असतो. यात जेनेरिकचा दोष नाही. मात्र मंगळवार पेठकरांनी "काय फरक पडावा" असे सरसकट लिहू नये. बद्धकोष्ठासाठीची क्षार नसलेली पावडरही ग्लायकॉलचीच असते आणि घाईत तीच हातात पडू शकते. आतडे साफ करण्याचे सोडियम फॉस्फेटचे औषध तर वेगळेच. त्याने मूत्रपिंडाला इजा होते म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २००८ मध्ये कडक इशारा दिला होता. तेव्हा नाव सोडा, पण घटक वाचा. राहिला प्रश्न जेनेरिक लिहून देण्याचा, तर डॉक्टरांनी औषध जेनेरिक नावानेच लिहावे असा नियम राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणला आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला स्थगितही केला. चाळीस वर्षे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला यावर काय वाटते ते येथे लिहिण्यासारखे नाही.

गंगावेशीची सून
सर्वजण पावडरीवर भांडत आहेत आणि पांढऱ्या रश्शाकडे कोणाचेच लक्ष नाही? त्यात नारळाचे दूध, काजू, तीळ आणि खसखस वाटून घालतात. ज्या तपासणीआधी बिया, साली आणि पालेभाज्या बंद असतात, तिच्या आदल्या दिवशी तीळ-खसखस?

राजारामपुरी आठवी गल्ली
"नितळ सूप चालेल" असे कागदावर लिहिले होते. आमच्या घरचा रस्सा वस्त्रगाळ असतो आणि त्यात खसखस पडत नाही. आईच्या स्वयंपाकावर बोलण्याचे आपल्याला कारण नाही.

गंगावेशीची सून
खसखस नसेल, पण नारळाचे दूध तरी असेलच ना? पेल्यामागे धरलेले वर्तमानपत्र वाचता आले तर ते पेय नितळ. रस्साच हवा होता तर मटण शिजवल्यावरचे अळणी पाणी गाळून, तेल-तूप काढून द्यायचे होते. आमच्या सासऱ्यांना मी तेच दिले, सोबत शहाळे आणि बिनदुधाचा चहा. सोलकढीसाठी ते हटून बसले होते. ती गढूळ तर असतेच, वर तिचा लाल रंग आत रक्तासारखा दिसू शकतो.

मंगळवार पेठकर
म्हणजे वेळ चुकली, रस्सा चुकला आणि फाशी मात्र जेनेरिकला. अर्थात घटक वाचावेत, हे औषधविक्रेत्यांचे म्हणणे मला मान्य आहे; मी ते लिहायला हवे होते.

राजारामपुरी आठवी गल्ली
आपले हसून झाले असेल तर ऐका. वडिलांच्या फाइलमध्ये रिकामे पाकीट सापडले. १३७.१५ ग्रॅम, पाचही घटक जसेच्या तसे. रश्शाचे आणि वेळेचेही मान्य, पण दुसऱ्या हप्त्याची वेळ त्या कागदावर कोणी लिहिली नव्हती, हेही विसरू नका. पुढच्या मंगळवारी पुन्हा तपासणी आहे. पावडर तीच आणली आहे. आईला रस्सा करू नको म्हणून सांगायला मात्र आपल्यापैकीच कोणीतरी यावे.