फियाटचा तळ सडलाय: पॅच मारू की अख्खा पत्रा बदलू?

शुक्रवारपेठी

राम राम. पहिल्यांदाच प्रश्न टाकतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

गाडी 1973 ची. आरसी बुकात 'प्रीमियर प्रेसिडेंट' लिहिलंय (पुढं हीच गाडी 'पद्मिनी' झाली), पण गल्लीत तिला 'आण्णांची फियाट' यापलीकडं नाव नाही. आण्णा म्हणजे माझे वडील. ते गेल्यावर गाडी माझ्याकडं आली. तिच्याबरोबर जॅक, पान्यांची पिशवी आणि 'हिला विकायचं नाही' हे एक वाक्य.

2019 च्या कोल्हापूरच्या पुरात ती दारातच होती. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोक्याची पातळी, त्या वर्षी पंचगंगा 55 च्या पुढं गेली. आमच्या गल्लीत पाणी गाडीच्या सीटवर दोन वीत चढलं आणि पाच-सहा दिवस हललं नाही. ओसरल्यावर इंजिन खोललं, वायरिंग नवं टाकलं, सीटा भरून घेतल्या आणि गाडी झाली पहिल्यासारखी म्हणून निर्धास्त झालो. 2021 ला शहाणपण आलं होतं, पाणी वाढायच्या आधीच कळंब्याला मावशीच्या दारात नेऊन लावली.

गेल्या रविवारी धुताना ड्रायव्हरच्या बाजूचं मॅटिंग उचललं. खाली चाळण. क्लचजवळ टाच टेकते तिथं बोट घातलं तर बोट रस्त्याकडं निघालं. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन सगळीकडं टोचत सुटलो. बायको म्हणाली, "आता बास करा, उरलंय ते तरी राहू द्या." हिशेब असा (फोटोही टाकलेत): डाव्या बाजूचं सिल, म्हणजे दरवाज्याखालची पेटी, मागच्या चाकाकडं वीतभर सडलंय. उजव्या सिलला फुगवटा आलाय. ड्रायव्हरचा फ्लोअर गेलाच. डिकीत स्टेपनीखाली दोन भोकं आणि चारही दरवाज्यांच्या खालच्या कडांना पापुद्रे. छत, बोनेट, खांब ठणठणीत.

तीन ठिकाणी दाखवली. पहिला म्हणाला, वरून नवा पत्रा रिवेट मारून डांबर फासतो, 8 हजार द्या, परवा घेऊन जा. दुसरा फायबर आणि लांबी (पुटी) भरून देतो म्हणाला. तिसऱ्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, चहा सांगितला आणि म्हणाला, "मुंबईहून पद्मिनीची अख्खी बॉडी आणा, इंजिन तेवढं हिचं घालू." त्यानंतर मला चहा गेला नाही.

विचारायचं एवढंच: पॅच कुठं चालतो, कुठं नाही? पत्रा किती गेजचा? गॅस वेल्डिंग की सीओटू (तारेचं वेल्डिंग)? आणि दसऱ्याला साडेतीन महिने आहेत. न्यू पॅलेसची, म्हणजे छत्रपती घराण्याची, जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात येते त्या संध्याकाळी आण्णा दरवर्षी फियाट काढायचे, अलीकडंच कुठंतरी लावून चालत चौकात जायचे. यंदा जमेल का?

जयसिंगपूरचा_बाळू

भावा, पत्रा नंतर. आधी पुढच्या काचेचं बिडिंग, म्हणजे कडेचं रबर, बघ. माझ्या अँबॅसिडरचा फ्लोअर मी दोनदा केला. दुसऱ्यांदा करताना कळलं की पाणी खालनं येतच नव्हतं. काचेचं रबर दगड झालेलं, पावसाचं पाणी डॅशबोर्डच्या मागनं उतरून मॅटिंगच्या खाली मुरत होतं. मॅटिंग वरनं कोरडं, खालचा फेल्ट ओलाचिंब. पैसे पाण्यात म्हणतात ते हेच.

पत्रावाला_उद्यमनगर

दादा, फोटो बगितले. मी उद्यमनगरात 24 वर्षं पत्रा ठोकतोय, माझ्या आधी वडील ठोकायचे. गाडी जगती, काळजी नको. पण त्या रिवेटवाल्याला हात लावू देऊ नका.

का ते सांगतो. जीपची चासी वेगळी, तिच्यावर डबा ठेवलेला. डबा सडला तरी जीप पळती. फियाटचं तसं न्हाई. 1953 ला इटलीत ही 1100 ची बॉडी आली तवापासनं बॉडीच चासी हाय. ती दरवाज्याखालची पेटी म्हंजे घराची तुळई. बाहेरनं वीतभर सडलेली दिसती तर आत हातभर गेलेली धरा, कारण गंज आतनं बाहेर येतो. पुराचा गाळ आत बसला असणार, आणि गाळ ओल सोडत न्हाई.

घरच्या घरी एक करून बगा. दरवाजे लावून फटी नीट बगून ठेवा. मग मागच्या एक्सलखाली एका बाजूला जॅक लावून चाक उचला. फट कमी-जास्त झाली, दरवाजा घासाय लागला, तर बॉडी वाकतीया. मग गाडी रस्त्यावर न्यायची न्हाई. आणि जॅक सिलखाली लावू नका, जॅक वर जाईल आणि गाडी खाली राहील.

आता पॅचचं. दरवाज्याची कड, डिकीचा तळ, फ्लोअरचा सपाट भाग, हितं पॅच चालतो. पण पॅच म्हंजे वाकळंवरचं ठिगळ न्हाई. सडकं कापायचं, चकचकीत पत्रा लागंपतुर कापायचं. तुमच्या जिवाला लागंल, पण कापायचं. मग तेवढाच तुकडा कडेला कड लावून बसवायचा. एकावर एक चढवला की दोन पत्र्यांच्या मधी पाणी बसतं आणि वरनं रंग चकाचक असताना आत पुन्हा तेच सुरू हुतं. सिल, त्याला जोडलेल्या फ्लोअरच्या आडव्या पट्ट्या आणि मागच्या पाट्याचा (स्प्रिंगचा) हँगर, हितं पॅचची भाषा न्हाई. ते नवं करायचं.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा बिनजस्ताचा) घ्या. फ्लोअर आणि दरवाज्याला 20 गेज, सिलला 18. जीआय घेऊ नका. त्यावर जस्त असतंय म्हणून टिकतं असं लोकं म्हणतात, पण वेल्डिंग मारलं की जोडाजवळचं जस्त जळूनच जातं. त्याचा पांढरा धूर लई वाईट. तरणा हुतो तवा बंद शेडमधी दिवसभर जीआय जोडला, रात्री हुडहुडी भरून ताप. आई म्हणाली मलेरिया झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी उठून भाकरी खाल्ली.

वडिलांनी गॅसनं लई गाड्या केल्या, पण तापलेला पत्रा हातोडी आणि डॉलीवर (मागनं धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर) परत जाग्यावर आणायचा त्यांचा हात वेगळाच हुता. तेवढा हात मलाबी न्हाई. सीओटू मारा, 0.8 ची तार, ठिपका ठिपका. एक ठिपका हितं तर दुसरा वीतभर लांब. सलग ओढली की पत्रा पापडागत उठतो. आणि काम काढायच्या आधी बॅटरीची वायर काढा, पेट्रोलची टाकी उतरून शेडच्या बाहेर ठेवा. रिकामी हाय म्हणून ठेवून देऊ नका, रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेती.

सिल कापायच्या आधी दरवाज्याच्या चौकटीत दोन अँगल तिरके टाके मारून घ्यायचे. एका टायमाला एकच बाजू. दोन्ही सिलं एकदम कापलेली एक गाडी माझ्याकडं टेंपोत घालून आणली हुती. दरवाजे उघडायचे, पण लागायचे न्हाईत. मालक मला विचारतोय, "किती खर्च येईल?" काय सांगायचं?

जोडकाम झालं की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. कोल्हापूरच्या जुलैत उघडा पत्रा रातभर ठेवला तर सकाळी तांबूस झालेला दिसतो. लांबी प्रायमरच्या वर, खाली न्हाई, कारण लांबी पाणी पिती. दोन मिलिमीटरच्या वर लांबी लागत असंल तर हातोडी कमी पडली समजा. जोडांवर सीम सीलर, सिलच्या पोटात नळी घालून वॅक्स. डांबर नको. वाळलं की तडकतं, तड्यातनं पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहात न्हाई.

शेवटचं, दरवाज्यांच्या तळाला कंपनीनंच बारीक भोकं ठेवलेली असतात, काचेवरनं आत उतरलेलं पाणी जायला. तुमच्या फोटोत ती रंगानं बुजलीत. तारेनं मोकळी करा. दरवाजे त्यापायी गेलेत, त्यात पुराचा दोष न्हाई.

दसरा? पत्रा हुईल. रंगाचं पाऊस बोलंल.

जुनी_चाकं_पुणे

वरच्या मेस्त्रींच्या उत्तरात भर घालण्यासारखं फार नाही, फक्त कागदपत्रांचं सांगतो. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 50 वर्षांपुढच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. नंबरात 'व्हीए' येतं, पहिल्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नूतनीकरणाला 5,000. तुमची 1973 ची म्हणजे वयात बसते. पण अट आहे की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी शेल, इंजिन यात मोठा फेरफार नको. म्हणून ते 'मुंबईहून अख्खी बॉडी' प्रकरण डोक्यातून काढून टाका. चासी नंबर जिथं कोरलाय त्या पत्र्याला ग्राइंडर लावू देऊ नका. कामाच्या आधी, मध्ये आणि नंतर फोटो काढून तारखेनिशी ठेवा.

एक तोटाही ऐका. व्हिंटेज नोंदणी झाली की गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. भाजी आणायला जायचं असेल तर आहे ती नोंदणी चालू ठेवलेली बरी. मी तेच केलंय. बायकोला बाजारात न्यायला दुसरी गाडी काढली तर ती विचारते, मग ही कशाला पोसताय?

कुर्ल्याचा_पोरगा

पार्टसाठी मुंबईला येणार असाल तर ऐका. कुर्ल्यातच ही गाडी बनायची आणि कुर्ल्यातच सीएसटी रोडच्या भंगारात तिचे अवयव मिळतात. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 ला नोंदलेली, 20 वर्षांची मुदत भरून 2023 च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून गेली. त्यामुळं आता नवीन माल येणं संपलंय. दरवाजा, डिकीचं झाकण, काचा बघा. फ्लोअर आणि सिल मात्र टॅक्सीचं घेऊ नका, समुद्राच्या हवेत आयुष्य काढलेला पत्रा तुमच्यापेक्षा सडका. खिशात लोहचुंबक ठेवा, फडक्यात गुंडाळून. जिथं ढिला धरतो तिथं आत लांबी आहे.

शुक्रवारपेठी

सगळ्यांचे आभार. जॅकची परीक्षा घेतली. डावा मागचा दरवाजा चक्क घासला. त्या दिवसापासून गाडी जागची हललेली नाही. मेस्त्री, तुम्हाला निरोप टाकलाय.

पत्रावाला_उद्यमनगर

आला निरोप. टेंपोनं आणा, चालवत न्हाई.

शुक्रवारपेठी

सहा आठवडे झाले, हिशेब देतो.

डावं सिल कापलं तेव्हा मी समोर उभा होतो. आतून पहिल्यांदा लाल भुगा पडला, मग काळा गाळ. अर्धं घमेलं भरलं. वरचा थर वाळून खडा झालेला आणि खालचा, इतक्या वर्षांनी, बोटाला ओला लागत होता. मेस्त्रींनी तो चिमटीत धरून मला दाखवला, बोलले काही नाहीत. आतला मधला पत्रा जवळजवळ नव्हताच. दोन्ही सिलं 18 गेजमध्ये वाकवून नवी केली, डावं आधी, ते बसल्यावर उजवं. अँगल काढल्यावर दरवाजा एका बोटानं लागला. आधी खांदा लावावा लागायचा, आणि आम्हाला वाटायचं जुन्या गाडीचा दरवाजा असाच असतो.

ड्रायव्हरच्या फ्लोअरचं वेगळंच निघालं. खालून डांबर खरवडलं तर आत एक तळहाताएवढा पॅच, तेलाच्या डब्याचा पत्रा, रिवेट मारून बसवलेला. छापील बाजू आतल्या अंगाला, त्यावर हिरव्या अक्षरात '15 कि' एवढंच वाचता येत होतं. पुराच्या कितीतरी आधीचा. असलं काम करणाऱ्या मेस्त्रीला मी तोंडाला येईल ते बोललो. आमचे मेस्त्री खाली वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "हे गॅरेजचं काम न्हाई. रिवेट बगा, सगळे एका मापानं, पट्टी लावून मारल्यागत. गॅरेजला एवढा येळ कुणाला?"

घरी येऊन आण्णांची पान्यांची पिशवी पालथी केली. तळाशी रिवेट गन निघाली, आणि सहा इंचांची स्टीलची पट्टी.

तर ते असो. खर्च पत्रा, मजुरी, प्रायमर धरून 46 हजारांवर गेलाय, रंग अजून बाकी. डिकीचा तळ पॅचवर भागला. चार दरवाज्यांपैकी दोन कुर्ल्याहून आणले, दोन इथंच खालच्या कडा बदलून केले. कुर्ल्याच्या भावाचं चुंबक कामाला आलं, पहिल्या दुकानातला चकाचक दरवाजा निम्मा लांबीचा होता.

जयसिंगपूरच्या बाळूदादांचं ऐकून बिडिंगही नवं घातलं. काल पाऊस उघडला होता म्हणून गाडीत फ्लोअरवर वर्तमानपत्रं अंथरली आणि काचेवर अर्धा तास पाईप धरला. ड्रायव्हरच्या बाजूचा कागद करकरीत कोरडा. डावीकडच्या कागदावर रुपयाएवढा डाग. काचेच्या खालच्या कोपऱ्यात रबराचा जोड आहे, बरोबर त्याच्या खाली.

मेस्त्री, सोमवारी सकाळी येतो. रंगाच्या आधी तो कोपरा बघू.