विषय: वॉल मिक्सर डुगडुगतोय, मुक्काम कोल्हापूर

मंडळी, नमस्कार.

सुट्टीवर आलोय, मंगळवार पेठेत बाबांकडे. न्हाणीघरातला गरम-गार पाण्याचा वॉल मिक्सर भिंतीत डुगडुगतोय. वरचा शॉवर, खालचा बादलीचा नळ, सगळा संसार त्या एकाच अंगावर. धरून हलवला की चांगला बोटभर खालीवर होतो. गळत नाही अजून. एका प्लंबरनं येऊन नट आवळले, टाईलला लागून असलेल्या चकत्यांभोवती व्हाइट सिमेंट थापलं आणि पैसे घेऊन गेला. चौथ्या दिवशी परत तेच. आता म्हणतो, सगळं फोडून नवीन बसवू.

अमेरिकेत घरातलं असलं काम मीच करतो. पण तिथं भिंत म्हणजे लाकडी सांगाडा आणि वर बोर्ड. नळाचा एल्बो, म्हणजे पाईपचा काटकोनी सांधा, लाकडाला स्क्रूनं पक्का केला की झालं. इथल्या विटांच्या भिंतीत नेमकं काय धरून ठेवतं, तेच मला माहीत नाही. कुणी केलंय का हे?

ता. क. तिकडून आणलेला हातशॉवर इथल्या आट्यांवर बसेल का?

---

भावा,

आधी ते व्हाइट सिमेंट खरवडून काढ. त्यानं फट बुजते, आधार मिळत नाही. चकती तर निव्वळ शोभेची, तिचा भार घेण्याशी काही संबंध नाही. मिक्सर उभा असतो दोन वाकड्या लेगांवर, म्हणजे त्याला भिंतीशी जोडणाऱ्या आखूड नळ्यांवर. लेग भिंतीतल्या एल्बोत आट्यांनी बसतात आणि एल्बो भोवतालच्या मालात. म्हणजे हलतंय ते या दोनपैकी एका ठिकाणी. कुठल्या, हे बघितल्याशिवाय पान्याला हात लावू नकोस.

गीझरचा स्विच बंद कर, मग गच्चीवरच्या टाकीचा कॉक. नळ उघडून पाणी उतरू दे. मिक्सरचे दोन मोठे नट सोड, पण पान्याच्या जबड्यात फडकं घालून. पाईप पाना लावलास तर क्रोमवर दात उमटतील आणि ते जन्मभर दिसतील. मग चकत्या काढ, बॅटरी मार आणि एकेक लेग हलव. लेग एल्बोत खुळखुळत असेल तर तो दोन-तीन आट्यांवरच लोंबकळत असणार. हे फार ठिकाणी होतं. एल्बो बसवताना प्लास्टर आणि टाईलची जाडी धरत नाहीत, मग तो खोल जातो आणि लेग पुरत नाही. यावर औषध म्हणजे पितळी एक्स्टेन्शन निपल, लांबी वाढवणारा आट्यांचा तुकडा. लक्ष्मीपुरीत तयार मिळतो. अडनिड्या मापाचा लागला तर उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडे जा, चहा पिऊन होईपर्यंत काढून देईल.

आणि एल्बोच फिरत असेल तर थांब. आत सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाईप, असेल आणि तू जोर केलास तर सांधा आत तडकेल. मग खरोखरच सगळं फोडावं लागेल. तेव्हा चकतीच्या घेरातलीच टाईल छिन्नीनं हळू उघड, सुटलेला भुगा काढ, भिंत ओली कर आणि एकास तीन सिमेंट-वाळूचा माल ठासून भर. माल भरायच्या आधी पाणी सोडून तासभर बघत बस. दोन लेगांमधलं अंतर 150 मिलिमीटर लागतं, ते मोजत बसू नकोस. मिक्सरच लावून ठेव, तोच फर्मा. दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही.

टेफ्लॉन टेप आट्याचं तोंड आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गुंडाळ. इथली टेप पातळ असते, दहा-बारा वेढे हवेत. आवळल्यावर लेग जरा पुढं गेला म्हणून उलटा फिरवलास तर गळणारच. काढायचा, टेप नवी.

हातशॉवर चालेल. तिकडे एनपीटी या अमेरिकन मापाचे आटे, इकडे बीएसपी या ब्रिटिश मापाचे. अर्ध्या इंचाला दोन्हींत इंचामागे 14 आटे, म्हणून चढतो. पण कोन वेगळे, तिकडे 60 अंश, इकडे 55. शॉवरला रबरी वॉशर पाणी अडवतो, म्हणून निभतं. भिंतीतल्या लेगाला हा प्रयोग नको. मात्र धारेची हौस ठेवू नकोस. तिकडचे शॉवर 80 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब धरून मिनिटाला 2.5 गॅलनच्या वर जाऊ नयेत असे बांधलेले. तुझी टाकी शॉवरच्या वर तीन मीटर असली तर दाब पाच पीएसआयसुद्धा नाही. काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपनं आलं तरी ते टाकीत चढून मगच खाली येतंय!

– उद्यमनगरचा काका

---

दादा, एक विचारू? बाबा स्टुलावर बसून आंघोळ करतात ना? उठताना हात कशाला लावतात? आमच्या सासूबाई नळ धरून उठायच्या. आम्ही दोनदा नळ बदलला, मग कळलं.

---

काका, वहिनी,

दोघांचंही खरं निघालं. गार पाण्याच्या बाजूचा लेग जेमतेम तीन आट्यांवर होता. एक इंची निपल लावला, तो घट्ट बसला. गरम बाजूचा एल्बो मात्र भुग्यात नुसता ठेवलेला. माल भरला, एक दिवस शेजारी जाऊन आंघोळ केली.

आणि बाबा. काल दार लोटलेलं होतं, फटीतून बघितलं. डावा हात गुडघ्यावर, उजवा थेट मिक्सरवर, आणि सगळं वजन टाकून वर. एवढं सहन करायला तो बनलेलाच नाही. विचारलं तर म्हणाले, "मला काय धाड भरलीय? जरा टेकवतो."

म्हणून स्टीलची दांडी आणली. तिकडच्या नियमांत असल्या दांड्या जमिनीपासून 33 ते 36 इंचांवर असतात आणि 250 पौंड पेलाव्या लागतात. पण त्या उभ्यानं धरायच्या. बाबांना बसवूनच माप घेतलं, बरीच खाली आणि तिरकी लागली. मिक्सरच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडलं नाही, पाईप तिथूनच जातात. टाईलवर चिकटपट्टीची फुली, सुरुवातीला ड्रिलचा हॅमर बंद, टाईल पार झाल्यावर चालू. पहिली गिट्टी (स्क्रू धरणारी प्लास्टिकची खुंटी) टाईलमध्येच अडकली होती, विटेपर्यंत गेलीच नव्हती. ती काढून लांब घातली. मग मी स्वतः लोंबकळून बघितलं.

मिक्सर आता हलत नाही. बाबांनी दांडीवर पंचा वाळत घातलाय.

---

पंच्याला वेगळा हूक ठोका आजच. ओल्या पंच्यावरनं हात सटकतो.