पोरीचं पोहणं चालू ठेवू की दहावीच्या एसएसएलसीसाठी थांबवू?

शहापूरची आई
आम्ही बेळगावातले. मुलगी आठवीत आहे, ब्रेस्टस्ट्रोक करते. जिल्ह्याला दुसरी आली तेव्हापासून सर म्हणतात, दोन्ही वेळ पाठवा. म्हणजे पाचला तलाव, साडेसातला घरी, डबा, शाळा, परत साडेचारला तलाव. सासूबाई म्हणतात, क्लोरीननं केस गेले, आता मार्कही जातील. मिस्टरांच्या ग्रुपवर रोज कोणीतरी टाकतं की स्पर्धेत पोहणारी मुलं पुढं मोठ्या हुद्द्यावर जातात. खरंच असतं का असं? स्वतः पोहलेल्या कुणीतरी सांगा.

निपाणीकर
ताई, लांब कशाला, कोल्हापूरचा वीरधवल खाडे बघा. 2008 ला बीजिंग ऑलिंपिक. 2010 च्या ग्वांगझू एशियाडला 50 मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ, तेही 1986 च्या खजान सिंगनंतर 24 वर्षांनी. पुढं तहसीलदार झाला. अजून काय पाहिजे? बिनधास्त पाठवा.

उद्यमबागवाला
निपाणीकर, महाराष्ट्र सरकार आंतरराष्ट्रीय पदकवाल्यांना थेट नोकरीत घेतं म्हणून खाडे तहसीलदार झाले. पदक किती जणांना मिळतं? आणि आपली पोरं कर्नाटकाकडून उतरतात, तेही धरा.

मी सहा वर्षं 100 मीटर फ्रीस्टाईल केलं. आज उद्यमबागेत तीन लेथ आणि एक सीएनसी आहे. ह्याला यश म्हणायचं का ते बँकवाला सांगेल.

आमच्या बॅचला नऊजण. एक डॉक्टर झाला, एक अमेरिकेत, एकाचं मोठं दुकान. ग्रुपवर टाकायला झकास! पण ह्या तिघांचे वडील स्कूटरवरून सोडायला यायचे, घरी दूध-अंडी होती, ट्यूशन होती. आमच्यात सगळ्यात फास्ट होता वडगावच्या एका मागवाल्याचा पोरगा. घरचा माग अडला आणि तो दहावीआधीच सुटला. डॉक्टरला पाण्यानं जे शिकवलं तेच त्यालाही शिकवलं होतं की.

आमचा तलाव 25 मीटरचा. शंभर मीटरला तीन टर्न, म्हणजे तीनदा भिंतीला लाथ मारून फुकटचा वेग. बेंगळूरला स्टेट मीटला गेलो तर तिथला 50 चा, टर्न एकच. साठ मीटरनंतर हात उचलेनात, भिंत काही येईना. हीटमध्ये, म्हणजे पहिल्याच फेरीत, सातवा. परतीच्या गाडीत कोण बोललं नाही. सरांनी लोंढ्याला वडा घेऊन दिला, तेवढंच.

नंतर चौदा महिने टायमिंग 1:03 वर अडकलं. रोज साडेचारला उठायचं, खाली तळाची काळी रेघ बघत लॅप मोजायचे. गेल्या वर्षी एका ऑर्डरचे जॉब आठवडाभर रिजेक्ट होत होते, पार्टीचे फोनवर फोन. मी गप मशीनचे ऑफसेट, म्हणजे मापाचं सेटिंग, बदलत बसलो. बायको म्हणाली, तुम्हाला टेन्शन कसं येत नाही? येतं, पण त्या चौदा महिन्यांपुढं एक आठवडा काय. आता हे पोहण्यानं दिलं, की मूळचाच चिवट म्हणून पोहत राहिलो, ते मलाच कळलेलं नाही. चिवट नसलेली पोरं पहिल्या डिसेंबरातच गळाली. बेळगावची थंडी, पहाटेचं पाणी!

ताई, हुद्द्यासाठी पाठवू नका. पहाटे ती आपणहून उठते का बघा. उठवावं लागत असेल तर एकच वेळ पुरे. आणि ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांचा गुडघा आतल्या बाजूनं दुखतो. विचारून ठेवा, पोरं सांगत नाहीत.

खानापूरचा मामा
आम्ही पाठीला डबा बांधून मलप्रभेत पवायला शिकलो. टायमिंग कुणी घेतलं नाही, हुद्दा पण मिळाला नाही. 2019 च्या पुरात मात्र गळाभर पाण्यातनं म्हैस काढली.

शहापूरची आई
मामा 😄
दादा, आज उठवायला गेले तर ती आधीच गॉगलचं रबर बदलत बसलेली. गुडघ्याचं विचारलं. म्हणते आतून दुखतंय, तीन आठवडे झाले, सरांना सांगितलं तर मीटला नेणार नाहीत म्हणून गप्प होती. आता कुणाला दाखवू?

उद्यमबागवाला
आधी हाडाच्या डॉक्टरला. सरांना तुम्हीच सांगा, तिला सांगायला लावू नका. तोवर ब्रेस्टस्ट्रोकची किक बंद. डॉक्टर पाण्यात उतर म्हणाले तर पायात पुल बॉय, म्हणजे तरंगणारा फोमचा ठोकळा, धरून नुसते हात.