गाडीवरचे हट्टी डाग: तुम्ही काय काय करून पाहिलंत?

मंडळी, मागच्या पावसाळ्यातली गोष्ट, पुण्यातली. आमची गाडी सोसायटीच्या तळघरात उभी असते. एका सकाळी पाहिलं तर बॉनेटवर पांढऱ्या थेंबांची रांग. वरच्या स्लॅबला बारीक तडा आहे, तिथून पाणी झिरपतं. ओल्या फडक्याने पुसलं, हललं नाही. नख लावलं तर खडूसारखं खरखरीत लागलं. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर उतरतो, गाडीवर ठिबकतो आणि सुकला की दगड होतो.

मी भांड्यांची घासणी आणायला निघालो होतो, तेवढ्यात शेजारच्या काकांनी थांबवलं. "घासू नकोस रे, भिजव." पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, त्यात बुडवलेले कापसाचे बोळे एकेका थेंबावर ठेवले. जवळ जाऊन पाहिलं तर बोळ्याच्या कडेने बारीक बुडबुडे येत होते. दहा दहा मिनिटांनी तीनदा बोळे बदलले आणि चुना साबुदाण्याच्या पेजेसारखा सुटून आला. मग भरपूर पाणी आणि कार शॅम्पू. दोन ठिकाणी मात्र पुसट गोल उरले. तिथे चुन्याने रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअरकोट, खाल्ला होता. हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. घासणी चालवली असती तर काय झालं असतं, या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

म्हणून हा धागा. तुमच्या गाडीवर काय पडलं, कशाने गेलं, काय बिघडलं, सगळं लिहा. बिघडलेलं तर नक्कीच लिहा.

रत्नागिरीहून

आमच्या अंगणात हापूसची दोन कलमं आहेत, गाडी त्यांच्याच खाली. मोहर आला की तुडतुडे येतात, रस शोषतात आणि त्यांचा चिकटा खाली पडतो. सकाळी काचेवर हात फिरवला तर पाक सांडल्यासारखं लागतं. तो असतोच साखरेचा, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत कोमट पाणी आणि शॅम्पूने सहज जातो. राहू दिला तर त्यावर धूळ बसते, पुढे काळी बुरशी धरते. पानांवर धरते तीच. मग काम वाढतं.

वैशाखातला आंब्याच्या देठाचा चीक वेगळा. तो पाण्याला दाद देत नाही. आई फणस कापताना हाताला खोबरेल तेल लावते, तेच मी गाडीला केलं. डागावर तेल लावून पंधरा मिनिटं सोडलं, मऊ कापडाने टिपून घेतलं आणि शॅम्पूने तेलकटपणा काढला. ताज्या चिकाला हे पुरतं. जुन्या, काळ्या पडलेल्या डागाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागलं, तेही आधी दाराच्या आतल्या कडेला थोडं लावून बघितल्यावर.

नागपूरहून

पक्ष्यांची शीट. मे महिन्यात इथे पारा ४५ ला जातो, बॉनेटला हात लावता येत नाही. तापलेला रंग मऊ होऊन थोडा फुगतो, वर आम्लयुक्त शीट वाळते, आणि रात्री रंग आकसताना तिला धरून ठेवतो. एका लग्नाला गेलो, गाडी तीन दिवस लिंबाच्या झाडाखाली उन्हात होती. परत येऊन धुतली तर शीट गेली, पण तिचा नकाशा टपावर कायमचा राहिला. पॉलिश करूनही तिरप्या उजेडात दिसतो.

कोरडी शीट फडक्याने पुसू नका, हे कळकळीने सांगतो. कबुतराच्या शीटेत खडे असतात. एका फटक्यात पाच-सहा ओरखडे. आता डिकीत पाण्याची बाटली आणि दोन मायक्रोफायबर कापडं ठेवतो. ओलं कापड डागावर दहा मिनिटं ठेवायचं, मग चिमटीत धरून उचलायचं. आणि गाडी तापलेली असेल तर आधी सावलीत.

कल्याणहून

घर रुळांना लागून. पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके, मोहरीपेक्षाही लहान. शॅम्पूने जाईनात. रुळांची आणि ब्रेकची लोखंडी धूळ रंगात रुतून गंजते, हे नंतर कळलं. धुतलेल्या गाडीवर प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवा. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा पत्रा वाळूच्या कागदासारखा लागतो.

आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा, मारला. दोन मिनिटांत प्रत्येक ठिपक्यातून जांभळा ओघळ, आणि कुजक्या अंड्यासारखा वास. तो वाळायच्या आत धुतला. जे उरलं त्याला क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, भरपूर शॅम्पूचं पाणी शिंपडून आणि अगदी हलक्या हाताने. क्ले जमिनीवर पडली तर सरळ टाकून द्या, तिला चिकटलेली माती रंग कापते.

चिपळूणहून

डांबर. हायवेचं काम चालू असताना दोन्ही दारांच्या खाली काळी रांगोळी. रॉकेलने भिजवलेलं कापड दाबून धरलं, विरघळलं, लगेच साबणाने धुतलं. दोन वर्षं झाली, रंग ठीक आहे.

सांगलीहून

नवी गाडी घरी आली, आईने बॉनेटवर तेलात कालवलेल्या हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं. पूजा झाली, आम्ही ते मायेने आठ दिवस ठेवलं. पुसल्यावर पांढऱ्या रंगावर पिवळट-गुलाबी सावली राहिली. शॅम्पू लावला तर पिवळं आणखी लालसर झालं. हळद साबणाला भेटली की लाल होते, ते विसरले होते. पण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. गाडी रोज गच्चीच्या सावलीबाहेर उभी केली, आठवड्याभरात पिवळेपणा उडाला. कुंकवाची गुलाबी कड मात्र पॉलिशनेच गेली. आता दसऱ्याला आई आधी बॉनेटवर विड्याचं पान ठेवते आणि कुंकू त्यावर वाहते.

फ्लोरिडाहून

इथे मे आणि सप्टेंबरमध्ये लव्हबग नावाच्या किड्यांचे थवे येतात. हायवेवरून आलं की बंपर काळा. घरी पोचल्यावर ओला टॉवेल अर्धा तास बंपरवर पसरून ठेवते, तेवढ्यात बरेचसे सुटतात. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर रंगावर खूण उरते.

लातूरहून

मूळ धाग्यातल्या पुसट गोलांबद्दल. आमच्या बोअरच्या क्षारांनी माझ्या काळ्या गाडीचं तेच झालं होतं. पॉलिशवाल्याने मशीन फिरवण्याआधी जाडी मोजली आणि सांगितलं, असं एकदा-दोनदाच करता येईल, कारण पॉलिश म्हणजे क्लिअरकोटच थोडा उतरवणं. तुमचे दोनच गोल आहेत तर तेवढ्यापुरतंच हाताने करा, सगळा बॉनेट नको. आणि धुतल्यावर गाडी उन्हात वाळू देऊ नका.

पुण्याहून, मूळ लेखक

लातूरकर, ऐकलं. एक गोल हाताने पॉलिश करून जवळजवळ गेला, दुसरा तसाच ठेवलाय. सोसायटीने तड्याखाली पत्र्याची पन्हळ लावून दिली आहे. काल रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी टॉर्च घेऊन खाली गेलो. पन्हळीच्या टोकाशी पांढरं लोंबकळतंय, बॉनेट कोरडं आहे.